शुश्रूषेचे श्रम आणि संसद



संचालक मंडळाने विषयनिवडीची मोकळीक दिली, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की मी संतवाङ्मयावर किंवा होळकरकालीन मराठी पत्रव्यवहारावर बोलेन. ज्याने उभे आयुष्य मराठी शिकविण्यात घालविले त्याच्याकडून दुसरे काय अपेक्षावे? मी मात्र आज ब्रिटिश संसदेने अपंगांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या माणसांच्या भत्त्यांची गेल्या साठ वर्षांत जी चिकित्सा केली, तिच्या इतिहासाबद्दल बोलणार आहे. शेवटी आपल्या देशाच्या कायद्याकडेही यावयाचे आहे, कारण तो कायदा लोकसभेत संमत झाला तेव्हा सभागृहाच्या अध्यक्षपदी आपल्याच इंदूरच्या प्रतिनिधी होत्या.

या विषयाकडे मी भाषेच्या वाटेने आलो. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली माझी एक जुनी विद्यार्थिनी तेथील वृद्ध मराठी मंडळींसाठी एका माहितीपत्रकाचे भाषांतर करीत होती. तिने मला फोनवर विचारले, "सर, 'केअरर'ला मराठीत काय म्हणू?" मी आत्मविश्वासाने शब्द सांगावयास गेलो आणि एकेक शब्द हातातून निसटू लागला. परिचारिका म्हणावे तर ती पगारी. सेविका म्हणावे तर ती चाकरीतली. 'काळजीवाहू' हा शब्द वरकरणी अचूक दिसतो, परंतु आपण तो राजीनामा दिलेल्या सरकारला बहाल करून टाकला आहे! गंमत अशी की घरात आपली कोठेच अडत नाही. 'सासूबाईंचे सगळे तीच करते', 'वडिलांचे धाकट्याने केले', असे आपण सहज बोलतो. या वाक्यांत कर्म गाळलेले असते. काय केले हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारीत नाही. अंघोळ, जेवण, औषध, कपडे, रात्री तीनदा उठणे, बिछाना बदलणे, सारे त्या एका क्रियापदात सामावते. म्हणजे मराठीत क्रियापद आहे, पण त्या क्रियापदाचा कर्ता दाखविणारे नाम नाही. इंग्रजीतही 'केअरर' हा शब्द या अर्थाने रुळला तो विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात. ज्याला नाव नाही त्याच्या नावे सरकारी कागद निघत नाही. पुढचा सारा इतिहास हा कागद कोणाच्या नावे निघावा या एका प्रश्नाभोवती फिरतो. भत्त्याची रक्कम किती, हा प्रश्न त्या मागून आला.

आधुनिक ब्रिटिश समाजसुरक्षेचा आराखडा डिसेंबर १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज यांच्या अहवालाने घालून दिला. (जाता जाता सांगावयास हरकत नाही की हे बेव्हरिज १८७९ साली बंगालमधील रंगपूर येथे जन्मले. वडील हिंदुस्थानात सनदी नोकरीत न्यायाधीश. 'अकबरनामा' इंग्रजीत आणला तो वडिलांनी, 'बाबरनामा' आणला तो आईने.) त्या अहवालाची रचना विम्याची होती. ज्याने कमाईतून वर्गणी भरली त्याला आजारपणात, बेकारीत, म्हातारपणी हक्काने पैसे मिळावयाचे. गृहिणीचे काम बिनपगारी असले तरी राष्ट्राला अत्यावश्यक आहे, असे बेव्हरिज यांनी आदराने लिहिले आणि तिचा विमा नवऱ्याच्या विम्यात टाकून दिला. जी माणसे जन्मतः अपंग होती किंवा कधी पगारावर चढूच शकली नाहीत, त्यांच्या वाट्याला हक्क आला नाही. १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स कायद्याखालील, परिस्थिती तपासून दिली जाणारी मदत तेवढी आली. आणि जी या माणसांचे करीत होती, तिची तर नोंदच कोठे नव्हती.

ही कोंडी प्रथम फोडली ती दोन स्त्रियांनी, आणि दोघीही संसदेबाहेरच्या. मेरी वेब्स्टर या ख्रिस्ती धर्मोपदेशिका होत्या. आईवडिलांची शुश्रूषा करण्यासाठी १९५४ मध्ये त्यांनी आपले काम सोडले. आपल्यासारख्या अविवाहित मुली देशभर आहेत हे त्यांनी वृत्तपत्रांना पत्रे लिहून दाखवून दिले आणि १९६५ साली अशा स्त्रियांची परिषद स्थापन केली. त्याच वर्षी मेगन दु बुआसाँ या गृहिणीने, मज्जासंस्थेचा आजार जडलेला असताना, वृत्तपत्रात पत्र लिहून अपंगांच्या उत्पन्नाच्या हक्कासाठी 'डिसेबलमेंट इन्कम ग्रुप' उभा केला. दोघीही १९६९ साली वारल्या. आपल्या चळवळीचे फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस खासगी सभासदांच्या विधेयकांच्या सोडतीत आल्फ मॉरिस या मजूर पक्षाच्या खासदाराचा पहिला क्रमांक लागला. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेले, त्यामुळे अपंगत्व हे घरात कसे राहते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांचा कायदा २९ मे १९७० रोजी, संसद विसर्जित होण्याच्या अगदी उंबरठ्यावर, संमत झाला. त्याच्या पहिल्याच कलमाने स्थानिक संस्थांवर आपल्या हद्दीतील अपंगांची संख्या शोधून काढण्याची जबाबदारी टाकली. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला हे कलम फार मोलाचे वाटते. सरकारला जे मोजावयाचे नसते ते दिसत नाही. १९७१ च्या अखेरीस 'अटेंडन्स अलाउन्स' सुरू झाला. त्याला विम्याची वर्गणी लागत नव्हती आणि उत्पन्नाची अट नव्हती. परंतु तो मिळत असे अपंग व्यक्तीला. करणारी अजून कागदाबाहेरच होती.

तिच्या नावाचा पहिला भत्ता १९७५ च्या कायद्याने आला आणि १९७६ मध्ये प्रत्यक्षात उतरला. त्याचे नाव 'इन्व्हॅलिड केअर अलाउन्स', म्हणजे आजाऱ्याच्या देखभालीचा भत्ता. अटी अशा : आठवड्याला किमान ३५ तास शुश्रूषा करावी, नोकरी करू नये, आणि जिचे करावयाचे ती व्यक्ती अटेंडन्स अलाउन्स घेणारी असावी. प्रारंभी ती नात्यातलीही असावी लागे. ती अट १९८१ मध्ये गेली. मात्र एक अट फार काळ टिकली. विवाहित स्त्रीला, किंवा पुरुषासमवेत पत्नीसारखी राहणाऱ्या स्त्रीला, हा भत्ता मिळावयाचा नव्हता. १९७४ साली सरकारने संसदेपुढे जो अहवाल ठेवला होता त्यात कारणही नमूद होते : अशी स्त्री एरवीही घरीच असण्याचा संभव असतो. येथे एक दुर्दैवी तर्क दिसतो. मेरी वेब्स्टर यांची मांडणी अविवाहित मुलीची होती. ती पगार सोडून घरी बसते, म्हणून तिचे नुकसान मोजता येते. संसदेने हा मुद्दा मान्य केला आणि त्याच मापाने विवाहितेला शून्य दिले. तिने काही सोडलेच नाही, मग भरपाई कशाची?

याच मनोवृत्तीचे आणखी एक अपत्य सांगितले पाहिजे, कारण ते आज ऐकून खरे वाटत नाही. ज्यांची विमावर्गणी नव्हती अशा दीर्घकालीन अपंगांसाठी १९७५ साली एक निवृत्तिवेतन सुरू झाले. पुरुषाने आणि अविवाहित स्त्रीने नोकरीस असमर्थ असल्याचे दाखविले की ते मिळे. १९७७ मध्ये ते विवाहित स्त्रियांना लागू करण्यात आले तेव्हा तिच्यासाठी दुसरी कसोटी जोडली गेली. तिने आपण नेहमीचे घरकाम करण्यासही असमर्थ आहोत हे सिद्ध करावयाचे. स्वयंपाक जमतो का, केर काढता येतो का, बाजारहाट होते का, अशी तपासणी. एका हाताने भाजी चिरता आली तर निवृत्तिवेतन गेले! ज्या कामाला कोणी कधी दमडी दिली नाही, ते काम भत्ता नाकारताना मात्र एकदम 'काम' ठरले. ही कसोटी १९८४ पर्यंत चालली आणि मग नव्या भत्त्यात विरघळली. संसदेत तिच्यावर टीका झाली नव्हती असे नाही. पण कोश सरकारच्या हाती असतो, आणि खर्च वाढेल या एका उत्तरापुढे अनेक चांगली भाषणे वाहून जातात, हे संसदीय वृत्तांत चाळणाऱ्याच्या लवकर ध्यानात येते.

विवाहितेवरचे बंधन शेवटी संसदेने तोडले नाही, ते न्यायालयाने तोडले. मँचेस्टरजवळ राहणाऱ्या श्रीमती ड्रेक यांची आई अतिशय अपंग झाली आणि १९८४ मध्ये लेकीकडे राहावयास आली. लेकीने नोकरी सोडली आणि भत्त्यासाठी अर्ज केला. ती विवाहित म्हणून अर्ज नामंजूर झाला. 'चाइल्ड पॉव्हर्टी अ‍ॅक्शन ग्रुप' या संस्थेच्या पाठबळाने प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. युरोपीय समूहाने समाजसुरक्षेत स्त्री-पुरुषांना समान वागणूक देण्याचा निर्देश १९७८ साली काढला होता आणि डिसेंबर १९८४ पासून तो अमलात येणे बंधनकारक होते. सरकारी वकिलांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. तो निर्देश आजार, अपंगत्व, म्हातारपण यांसंबंधी आहे. ही बाई तर धडधाकट आहे. अपंग आहे ती तिची आई. तेव्हा हिचा भत्ता त्या निर्देशाखाली कसा येईल? न्यायालयाने २४ जून १९८६ रोजी हा युक्तिवाद फेटाळला. पैसा तिसऱ्या व्यक्तीच्या हाती पडत असला तरी त्याचे कारण अपंगत्व हेच आहे आणि त्याचा लाभ अखेर अपंग व्यक्तीलाच होतो, असा त्या निकालाचा आशय होता. ब्रिटिश सरकारने वाऱ्याची दिशा ओळखून निकालाच्या आदल्याच दिवशी विवाहितांना भत्ता देण्याची घोषणा करून टाकली. दहा वर्षे जो खर्च अशक्य होता तो एका रात्रीत शक्य झाला.

येथे मला संसदेच्या बाजूनेही चार शब्द बोलले पाहिजेत. १९७९ साली ब्रिटिश कॉमन्स सभेने प्रत्येक खात्याच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या निवड समित्या नेमल्या. त्या मंत्र्याला बोलावतात, खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला बोलावतात, आणि सर्वसामान्य माणसाकडून लेखी साक्ष घेतात. बहुतेक सुनावणी उघड होते आणि साक्षी प्रसिद्ध होतात. अहवालावर सरकारने साधारण दोन महिन्यांत उत्तर द्यावे असा दंडक आहे. समितीला हुकूम देण्याचा अधिकार नाही, फक्त विचारण्याचा आहे. परंतु पुन्हा पुन्हा विचारण्याचाही एक धाक असतो.

या समित्यांच्या इतिहासात फ्रँक फील्ड हे नाव दोनदा येते. ज्या संस्थेने पुढे ड्रेक खटला लढविला तिचे ते १९६९ पासून दहा वर्षे संचालक होते. नंतर खासदार झाले. १९९० साली त्यांच्या अध्यक्षतेखालील समाजसेवा समितीने शुश्रूषा करणाऱ्यांवर स्वतंत्र अहवाल सादर केला. त्या आधी १९८५ च्या राष्ट्रीय घरगुती पाहणीत प्रथमच हा प्रश्न घालण्यात आला होता आणि ब्रिटनमध्ये सुमारे ६० लक्ष माणसे घरातल्या वा नात्यातल्या कोणाचे तरी करीत आहेत असे आढळले होते. संख्या मिळाली आणि सभागृहातील भाषणांचा सूर बदलला. १९९५ मध्ये माल्कम विक्स यांच्या खासगी विधेयकाने करणाऱ्या माणसालाही, 'तुमची गरज काय?' असे स्थानिक संस्थेने विचारण्याचा हक्क दिला. २००१ च्या जनगणनेत हा प्रश्न आला. २००३ मध्ये भत्त्याचे नाव बदलून 'केअरर्स अलाउन्स' करण्यात आले. जुन्या नावात आजारी होता, नव्या नावात करणारी आली. हा बदल भाषेच्या शिक्षकाला सुखावतो, हे कबूल केले पाहिजे.

मोजणीचा विषय निघाला म्हणून एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीने आमच्या आईचे अकरा वर्षे केले. आईचे अंग एका बाजूने लुळे पडले होते. बहीण रामबागेतल्या आमच्या घरातून या अकरा वर्षांत किती वेळा बाहेर पडली असेल हे बोटांवर मोजता येईल. त्या काळात शिरगणतीला आलेल्या तरुण गुरुजींनी तिला व्यवसाय विचारला. ती हसून म्हणाली, "काही नाही, घरीच असते." गुरुजींनी तसेच लिहून घेतले. त्या गुरुजींचा काही दोष नव्हता. त्यांच्या तक्त्यात दुसरा रकानाच नव्हता.

असो. फील्ड यांच्या दुसऱ्या अहवालाकडे वळतो. २०१९ च्या जुलैत, ते कॉमन्सच्या 'वर्क अँड पेन्शन्स' समितीचे अध्यक्ष असताना, या भत्त्याच्या जादा दिल्या गेलेल्या रकमांवर समितीने अहवाल दिला. हा भाग थोडा हिशेबी आहे, पण तो समजून घेतल्यावाचून पुढचे कळणार नाही. भत्ता घेणाऱ्याला थोडी अर्धवेळ नोकरी करता येते, मात्र कर वगैरे वजा जाता कमाई ठरावीक मर्यादेच्या आत हवी. २०१९ मध्ये ही मर्यादा आठवड्याला १२३ पौंड होती आणि भत्ता ६६.१५ पौंड. मर्यादा एका पौंडाने ओलांडली तर एक पौंड कापला जात नसे, त्या आठवड्याचा सगळा भत्ता जात असे. म्हणजे एखादी बाई वर्षभर दर आठवड्याला १२४ पौंड मिळवीत राहिली, तर तिने जादा कमावलेले ५२ पौंड आणि तिने परत करावयाचे जवळजवळ ३,४४० पौंड! गिरणीत, दुकानात, शाळेच्या भोजनगृहात तासांवर काम करणाऱ्यांची कमाई आठवड्यागणिक हलते. किमान वेतन वाढले की नकळत मर्यादा ओलांडली जाते. बरे, महसूल खात्याकडून कमाईची माहिती भत्ता देणाऱ्या खात्याला मिळत होती. परंतु आलेल्या सगळ्या सूचना पाहावयास माणसे नव्हती. वर्षे लोटत, रक्कम साचत जाई आणि मग एके दिवशी हजारो पौंडांच्या वसुलीचे पत्र दारात पडे. काहींवर फसवणुकीचे खटलेही झाले.

राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने एप्रिल २०१९ मध्ये आणि समितीने जुलैमध्ये हे सारे उघड्यावर मांडले. इलाजही सांगितले. मग पाच वर्षे फार काही हलले नाही. फ्रँक फील्ड एप्रिल २०२४ मध्ये वारले. त्याच सुमारास 'गार्डियन' वृत्तपत्राने एकामागून एक वृत्तांत छापले आणि प्रश्न पुन्हा सभागृहात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या सरकारने लिझ सेस यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपविली. एप्रिल २०२५ पासून कमाईची मर्यादा १५१ वरून १९६ पौंडांवर नेली, म्हणजे किमान वेतनाचे १६ तास. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेस यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. बदलत्या कमाईची सरासरी कशी काढावी याविषयी खात्याच्याच सूचना सदोष होत्या, हे त्यातून स्पष्ट झाले आणि सरकारने जुनी प्रकरणे पुन्हा तपासण्याचे मान्य केले. माझे मत विचाराल तर समितीचे २०१९ चे काम निष्फळ गेले असे मी म्हणणार नाही. वृत्तपत्राला आणि चौकशीला जी पायाभूत माहिती लागते तिचा मोठा भाग साक्षीच्या कागदांत आधीच जमा होता. पण पाच वर्षे ज्यांच्यावर वसुलीचा बडगा होता त्यांना या युक्तिवादाने दिलासा मिळणार नाही, हेही खरे. २०२५-२६ या वर्षात भत्ता आठवड्याला ८३.३० पौंड होता. ३५ तासांनी भागले तर तासाला २ पौंड ३८ पेन्स पडतात. किमान वेतन त्या वर्षी तासाला १२.२१ पौंड होते.

करणारीचा भत्ता आजाऱ्याच्या भत्त्याला बांधलेला आहे, याचा प्रत्यय २०२५ च्या उन्हाळ्यात आला. कामकरी वयातील अपंगांना २०१३ पासून 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' नावाचा भत्ता मिळतो. रोजच्या व्यवहारातील अडचणींना गुण देऊन तो ठरतो. कोणत्या तरी एका व्यवहारात किमान चार गुण असल्याशिवाय त्याचा दैनंदिन भाग मिळू नये, असे विधेयक सरकारने आणले. आजाऱ्याचे गुण कमी पडले की त्याचा भत्ता जाणार, आणि त्याचा गेला की त्याचे करणाऱ्याचाही जाणार. 'वर्क अँड पेन्शन्स' समितीच्या अध्यक्षा डेबी अब्राहम्स सत्ताधारी पक्षाच्याच, परंतु या घाईवर त्यांनी आक्षेप घेतला. सत्तापक्षातील शंभराहून अधिक सभासद असंतुष्ट होते. १ जुलै २०२५ रोजी दुसऱ्या वाचनाची चर्चा चालू असतानाच सरकारने ते कलम मागे घेतले आणि उरलेले विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे गेले. चार गुणांचा प्रश्न स्टीफन टिम्स या मंत्र्यांच्या पाहणीवर सोपविण्यात आला. भाषण चालू असता विधेयकाचा कणाच काढून घ्यावा लागणे, हे संसदीय इतिहासात क्वचित घडते. २०१६ च्या मार्चमध्येही याच भत्त्यातील कपातीवरून एका मंत्र्याने राजीनामा दिला होता आणि ती कपात रद्द झाली होती.

आता आपल्याकडे येऊ. बेव्हरिज यांच्या अहवालानंतर सात-आठ वर्षांतच आपले संविधान लिहून झाले. त्याच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत लोकसाहाय्य मिळण्याच्या अधिकाराची तरतूद राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करावी, असे म्हटले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयात मागता येणारा हक्क नव्हे. सातव्या अनुसूचीत अपंगांच्या साहाय्याचा विषय राज्यांच्या सूचीत आहे. केंद्राने आंतरराष्ट्रीय जबाबदारीच्या आधारे १९९५ चा कायदा केला. २००७ मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांच्या अपंगविषयक कराराला मान्यता दिली आणि तो कायदा अपुरा पडू लागला. २०१४ साली राज्यसभेत नवे विधेयक आले, स्थायी समितीकडे गेले, २०१५ मध्ये समितीने अहवाल दिला. अखेर १४ डिसेंबर २०१६ रोजी राज्यसभेने आणि १६ डिसेंबरला लोकसभेने ते संमत केले. नोटाबंदीवरून ते अधिवेशन जवळजवळ वाहून गेले होते. त्या गदारोळात सर्व पक्षांनी एकमताने संमत केलेले हे विधेयक अपवाद ठरले. सुमित्राताई महाजन तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ झाले.

या कायद्याचे कलम २४ मी अनेकदा वाचले आहे. त्यात समाजसुरक्षेच्या योजनांची यादी आहे आणि यादीत एक ओळ शुश्रूषा करणाऱ्याच्या भत्त्याची आहे. आमच्या देशाच्या संसदेने त्या अनाम व्यक्तीची दखल घेतली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ओळीची रचना पाहा. हा भत्ता 'अधिक साहाय्याची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तींना' द्यावयाचा आहे. भत्त्याच्या नावात करणारी आहे, पण चतुर्थी विभक्ती तिला लागलेली नाही. (तेवढ्या काळात 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्द आला. शब्द बदलण्यास कोशावर भार पडत नाही.) याविरुद्ध केरळची 'आश्वासकिरणम्' ही योजना पाहावी. २०१० साली, म्हणजे या कायद्याच्या आधीच, ती सुरू झाली आणि अंथरुणाला खिळलेल्या वा तीव्र अपंग माणसाचे पूर्णवेळ करणाऱ्यालाच तिच्यात मदत मिळते. रक्कम पुढे दरमहा ६०० रुपये झाली. फार नाही. पण कागद तिच्या नावे निघतो.

केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेत, ८० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला २००९ मध्ये दरमहा २०० रुपये आणि २०१२ पासून ३०० रुपये असा केंद्राचा वाटा ठरला. राज्ये त्यात आपापली भर घालतात. ग्रामविकासाच्या स्थायी समितीने ही रक्कम तुटपुंजी आहे, ती वाढवावी, असे पुन्हा पुन्हा लिहिले आहे. आपल्या खातेनिहाय स्थायी समित्या १९९३ साली पूर्ण स्वरूपात आल्या आणि त्यांचे काम मोलाचे आहे. मात्र त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. साक्ष देणाऱ्या आईचे किंवा बहिणीचे शब्द वृत्तपत्राच्या हाती लागत नाहीत आणि शंभर वर्षांनी येणाऱ्या इतिहासकारालाही सहजी लागणार नाहीत.

विषय राज्यांचा असल्यामुळे विचारण्याचे ठिकाण दिल्लीइतकेच भोपाळही आहे. या सभागृहात आपल्या शाळेचे जे माजी विद्यार्थी वकिली करतात, जे पत्रकार आहेत, ज्यांचा आमदारांशी परिचय आहे, त्यांच्यासाठी मी एका तारांकित प्रश्नाचा मसुदा लिहून आणला आहे. तो असा : २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २४ खाली शुश्रूषा करणाऱ्याच्या भत्त्याची योजना राज्य शासनाने आखली आहे काय? आखली असल्यास त्यासाठी आजवर किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले? भत्त्याची रक्कम कोणाच्या खात्यात जमा होते, दिव्यांग व्यक्तीच्या की तिचे करणाऱ्याच्या? आणि राज्यात अशी करणारी माणसे किती आहेत, याची मोजणी कोणत्या वर्षी झाली?